आकड्यांमधली जन्मतारीख

"तारीख सांग ना, आई. मागे सगळे थांबलेत."

टेसाने डोरीनचा हात ओढला. शाळेच्या सभागृहात सफरचंद आणि चेरी भरून भाजलेल्या 'पाय' या पदार्थाचा गोड वास भरला होता. तिसऱ्या महिन्याची चौदावी तारीख. म्हणजे गणितातल्या त्या ३.१४ वाल्या 'पाय'चा सण, म्हणून खायलाही पाय. चौथीच्या मुलांनी भिंतभर त्या संख्येच्या आकड्यांची पट्टी लावली होती. आपली जन्मतारीख त्या न संपणाऱ्या आकड्यांत कुठे येते, ते हॅलोरन बाई कॉम्प्युटरवर शोधून देत होत्या. सापडली की त्या जागी मुलाचा फोटो चिकटवायचा.

"फोटो नको," डोरीन म्हणाली.

बाईंनी आवाज खाली आणला. "मला सांगितलंय मुख्याध्यापकांनी. तिच्या वडलांना पत्ता लागायला नको, हेच ना? फोटो राहू दे. तारीख तेवढी बघू. फॉर्मवर नऊ नोव्हेंबर आहे."

"एकोणीस," टेसा म्हणाली. "मागच्या गावात एकोणीसलाच केक कापला होता."

डोरीनच्या हातातली पायची थाळी कलली. "नऊच. मला सुट्टी नव्हती, म्हणून उशिरा कापला."

"आणि त्याच्या आधीच्या गावात?"

"टेसा, पुरे."

"जन्मदाखला आला की नक्की करू," बाई म्हणाल्या. "अजून मिळाला नाही ना?"

"तो तिकडेच राहिला. मागायला गेले तर..." तिने वाक्य सोडून दिलं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात दारात एक उंच माणूस कॅमेरा घेऊन उभा राहिला. गावच्या पेपरचा माणूस आहे, असं कुणीतरी म्हणालं. तरी डोरीनने टेसाचं तोंड आपल्या कोटात दाबलं आणि मागच्या दाराने तिला बाहेर काढलं.

गाडीची दारं तिने आतून बंद केली.

"सगळ्यांना आपापली तारीख माहीत असते," टेसा रडवेली झाली. "माझीच का बदलते? बाबांच्या भीतीने?"

"हो, बाळा. तो आला तर तुला घेऊन जाईल."

टेसाने पुढे वाकून आईचा खांदा थोपटला.

डोरीन सारखी मागच्या आरशात बघत होती. टेसाचा बाप दिसतो कसा, हे तिला ठाऊक नव्हतं. दुकानाबाहेर उभी असलेली कुणाचीतरी बाबागाडी तिने ढकलत नेली, त्या दुपारी आतलं बाळ जागं होऊन रडायला लागलं, तेव्हा त्याचे दोन दात दिसले. दोन दात म्हणजे सहा-सात महिने, असं मागे मोजून तिने नोव्हेंबर धरला होता.