तांब्याचं पातेलं

आमच्या गावच्या मठाचे बुवा मला कधीच थोर वाटले नाहीत. महायुद्धात हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या ज्यू कुटुंबाला त्यांनी आसरा दिला, पण भांडी वेगळी ठेवली. हे आईनं लहानपणी मठाच्या कुंपणाबाहेरून पाहिलेलं. वेगळ्या भांड्यांचा अर्थ आमच्या बौद्धवाडीला कुणी शिकवायला नको. म्हणून अठ्ठ्याण्णव साली शाळेला बुवांचं नाव द्यायची सभा भरली, तेव्हा मी विरोधाला उभी राहिले. त्या कुटुंबातली तेव्हाची लहान मुलगी, आता म्हातारी, इस्रायलहून आलेली; मराठी इथंच शिकलेली. तिनं पिशवीतून तांब्याचं पातेलं काढलं. “भांडी आमीच मागितली. परक्या भांड्यातलं आमच्या धर्मात चालत नाय. बुवांनी मुरबाडहून नवी आणली, आन रोज आमच्यासंगं यातलंच जेवले.” आई ताडकन उठली. “म्या कुंपनाबाहेरून अर्धंच पायलं,” म्हणत तिनं पातेलं डोक्यावर धरलं नि माझ्याकडं वळली. “लिव गो बुवांचं नाव! आज भात यातच टाका, अख्ख्या गावाचा!”