फोनमधली दुभाषी

कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी खुडणारी एउलालिया गेल्या आठवड्यात वाफ्यातच चक्कर येऊन कोसळली होती. ती मेक्सिकोतल्या डोंगरी आदिवासी गावची, तिची बोली मिश्तेक; दवाखान्यातलं स्पॅनिश डोक्यावरून जाई, म्हणून ती नुसती मान डोलावी. रक्तदाबाची गोळी डोकं दुखलं तरच घेई. आज डॉक्टरीणबाईंनी टेबलावर फोन ठेवला आणि त्यातून चक्क तिच्या गावाकडच्या हेलात एक मुलगी बोलू लागली. "मावशी, मी दुभाषी. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी." एउलालियाच्या अंगावर काटा आला. परक्या मुलखात, डॉक्टरांच्या खोलीत, तिच्या आईची भाषा! "रोज? मग इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही गं?" "सांगितलं असेल, पण स्पॅनिशमध्ये." एउलालिया खळखळून हसली, हसता हसता डोळे भरले. "बाई विचारतायत, मावशी, अजून काही विचारायचंय?" तिनं खुर्ची पुढे ओढली. "पुष्कळ आहे. त्यांना म्हणावं, बसून घ्या."