भाऊबिजेच्या वहाणा

महांतप्पा विणकरानं चौथं लुगडं उलगडलं, तरी अयोध्येनं हात पुढं केला नाही.

"काठ तर बघ," बलभीम म्हणाला. "उद्या बीज हाय. ओवाळणी तुझ्या पसंतीची घ्यायची, म्हणून तर तुला बाजारात आणली."

"लई चांगलं हाय, दादा. पर नगं. तिथं गेलं की नणंदच नेसणार."

महांतप्पानं घड्या घातल्या. बलभीम बहिणीला कासारणीकडं घेऊन गेला. कासारणीनं तिचा हात हातात घेऊन दाबून पाहिला, पुढं केलेल्या बांगड्या मागं सारल्या आणि लहान मापाच्या काढल्या. अयोध्येनं हळूच हात सोडवून घेतला.

"हायत्या त्याच बऱ्या," ती म्हणाली.

लोहाऱ्याच्या बाजारात पाडव्याची गर्दी होती. बत्ताशांवर माश्या घोंगावत होत्या, कुंभार उरलेल्या पणत्या गोणीत भरत होता. बलभीमाला वाटलं, आता हिला काय घ्यावं? तेवढ्यात अयोध्याच पुढं झाली आणि बाजाराच्या टोकाला, लिंबाखाली वहाणा शिवत बसलेल्या बब्रुवानापुढं जाऊन उभी राहिली.

"मला ह्या पायजेत."

बलभीमाला हसू आलं. "ओवाळणीच्या ताटात काय पायताण घालू तुझ्या?"

"ताटात सुपारी टाक. ह्या पिशवीत दे." ती हसली नाही.

बब्रुवान म्हातारा झाला होता. त्यानं वर न बघताच विचारलं, "गावात वापराय पायजेत का रानात, अक्का?"

"चालाय."

"किती चालायचं?"

"नऊ कोस."

बलभीमाचं हसू मावळलं. तिच्या सासरपासून त्याच्या उंबऱ्यापर्यंत नऊच कोस अंतर होतं. चारच दिवसांपूर्वी तो गाडी जुंपून तिला आणायला गेला होता.

"आगं, आता यष्टी सुरू झालीया की तिकडनं."

"यष्टी दिवसा असती, दादा."

बब्रुवानानं कातड्याचा तुकडा पसरला. तिनं लुगडं जरा वर धरून पाय ठेवला. त्यानं कोळशानं पायाभोवती रेघ ओढली. माप झाल्यावर तिनं पाय उचलला आणि बब्रुवानाचा हात तिथंच थांबला. बलभीम वाकला. तळव्यावर टाचेपासून चवड्यापर्यंत दोन काळपट वण होते, शेजारी शेजारी, आखल्यासारखे.

"हे काय?"

"निखाऱ्यावर पाय पडला."

"निखाऱ्याचा डाग असा सरळ उठत न्हाय, मालक. तापल्या चिमट्याचा उठतो," बब्रुवान खाली मान घालून म्हणाला. "दुसरा पाय ठिव, अक्का."

दुसऱ्या तळव्यावरही तेच होतं.

"कवा झालं?" बलभीमानं विचारलं.

"नागपंचमीला. तू आणाय आला न्हाईस, म्हणून माझी मीच निघाले व्हते. वढ्यापतोर आले, तितनं त्यांनी माघारी नेली." दुसऱ्याच कुणाची तरी हकीकत सांगावी तसं तिनं सांगितलं.

बलभीमाला दिवाळीची पहिली आंघोळ आठवली. आईनं न्हाणीचं दार आतून लावून अयोध्येला न्हाऊ घातलं होतं. बाहेर आली तेव्हा आईचे डोळे लाल होते. धूर गेला म्हणाली. न्हाणीतला चुला तर केव्हाच विझला होता. त्याच रात्री जेवताना आबांनी विषय काढला होता, "गजराची सोयरीक ठरत आलीया. थोरली घरी येऊन बसली म्हणून कळलं, तर माणसं दारातनं माघारी फिरतील. बीज झाली की हिला पोचवून ये." धाकटी गजरा तिथंच भाकरी वाढत होती. आई चुलीतली लाकडं सारत राहिली. आणि बलभीम स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता, "व्हय, आबा."

आता म्हणावं, 'जाऊ नगंस, अयोध्ये.' शब्द अगदी ओठांपर्यंत आले. तो बब्रुवानाकडं वळला.

"तळ दुहेरी घाला," तो म्हणाला.

बब्रुवानानं पोत्यात हात घालून टायरचा जाड तुकडा काढला. "पोलीस ॲक्शनच्या साली रस्त्याकडंला लष्कराची मोटार पडली व्हती, तिचा हाय. झिजायचा न्हाय." आणि त्यानं आरी लावली.

उन्हं कलेपर्यंत तो शिवत राहिला. भाऊबहीण लिंबाखाली बसून होते.

वहाणा पायात घालून अयोध्या चार पावलं चालली. वळली, परत चालली. जमिनीकडं कान देऊन उभी राहिली.

"वाजणार तर न्हाईत?"

"तेल पाजलंय, अक्का," बब्रुवान म्हणाला. "तुझं तुलाबी ऐकू यायचं न्हाय."

तिनं वहाणा काढून पिशवीत ठेवल्या, वर बत्ताशांचा पुडा ठेवला आणि अनवाणीच चालू लागली. वेशीबाहेर गाडीवाटेला लागल्यावर ती थांबली.

"दादा, एक मागू?"

ती काय मागणार ते बलभीमाला ठाऊक होतं. आणि आपण काय सांगणार तेही.

"माग की."

"आपल्या दारातलं कुत्रं नवं हाय. मला वळखत न्हाय," ती म्हणाली. "त्येला रातचं बांधून ठिवत जा."