मालकीण उठेपर्यंत

तीन वाजून दहा मिनिटांनी डॅरिलने एप्रन खुंटीला अडकवला आणि चिनात्सुला म्हणाला, "चल, सुटलीस. पळ आता घरी."

चिनात्सु हसली, मान तुकवली आणि साखरेची भांडी पुसायला घेतली. डॅरिल कॅफेचा आचारी, मालक नव्हे. मालकीण ग्लेनिस अजून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून होती, उद्याच्या दुधापावाची यादी फोनवर टिपत.

चिनात्सुला जपानहून मेलबर्नला येऊन अकरा दिवस झाले होते. वर्षभर राहा, पोटापुरतं काम करा, उरलेल्या वेळात देश बघा, असा तिचा परवाना. देश राहिला बाजूला, तिने बघितली ती नुसती कॅफेंची दारं. एकेचाळीस ठिकाणी तिने अर्ज दिले होते, तेही तिकडच्या अदबीने दोन्ही हातांनी. लोक हसून घेत, कळवतो म्हणत आणि कळवत मात्र कुणी नसे. हे पहिलंच बोलावणं. बारा ते तीन काम करून दाखव, पसंत पडलीस तर सोमवारपासून ये, असं ग्लेनिस म्हणाली होती. इथेही नाही जमलं तर परतीचं तिकीट काढायचं, हे चिनात्सुने सकाळी ट्रॅममध्येच ठरवून टाकलं होतं.

आणि जमलं होतं की. दुपारच्या गर्दीत तिने एक कप फोडला नाही, एक ऑर्डर चुकवली नाही. दुधावरचा फेस असा जमला की पेपरातून कधी डोकं वर न काढणारा म्हातारा चक्क थँक यू म्हणाला. डॅरिलने तर आतूनच सांगून टाकलं होतं, "हिला ठेवून घे गं ग्लेनिस. मागच्या दिवट्यापेक्षा शंभरपट बरी आहे." चिनात्सुने ते ऐकलं होतं, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

डॅरिल गेला. साखरेची भांडी झाली. कॉफीचं मशीन तर तिने तीनलाच लख्ख केलं होतं. खरं म्हणजे आता काम असं उरलंच नव्हतं. पण तिच्या गावच्या ऑफिसात साहेब खुर्चीतून उठेपर्यंत कुणी पिशवीला हात लावत नसे. काम संपलं असलं तरी कागद सारखे करत बसायचं. तिथे चार वर्षं काढल्यावर माणसाच्या अंगातच ते मुरतं. तिने पुसलेली टेबलं पुन्हा पुसली. मग खुर्च्यांचे पाय पुसले, एकेक करून.

ग्लेनिसने यादी संपवून घड्याळ पाहिलं. पावणेचार. पोर अजून खुर्च्यांशीच. टोकलं तर बिचारी घाबरेल. म्हणून तिने जुनं बिल काढून उगीच वाचायला घेतलं. मालकीण अजून कामात आहे हे चिनात्सुने पाहिलं आणि काचा पुसायला फडकं ओलं केलं.

साडेचारला ग्लेनिसने विचारलं, "बरंच राहिलंय का गं?"

उशिरापर्यंत थांबायची तयारी आहे का, असंच मालकीण विचारतेय हे चिनात्सुला उघड दिसत होतं. तिने ताठ उभं राहून सांगितलं, "काही हरकत नाही. मी करते." ग्लेनिसने मान हलवली आणि बिल पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

पाच वाजता मात्र ती उठली. चिनात्सुने झटकन फडकं घडी करून ठेवलं. तिला वाटलं, झालं, आता सोमवारचं सांगणार.

"ये, बस इथे," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज नको इतका मऊ होता. "हे बघ पोरी, मुलगी तू गुणाची आहेस. पण हात फार सावकाश गं तुझा. आमच्याकडे तीनला बंद म्हणजे सव्वातीनला कुलूप. आज मी दोन तास नुसती तुझं आटपायची वाट बघत बसलेय. रोज कसं परवडायचं मला?"

चिनात्सुला कळायला एक क्षण लागला. मग सगळंच कळलं. माझं तर तीनलाच झालं होतं, मी तुमच्या उठण्याची वाट बघत होते, एवढंच म्हणायचं होतं. इंग्रजीत सात-आठ शब्द, तिला येत होते ते. पण ते बोलणं म्हणजे आपल्या खोळंब्याचा दोष मालकिणीच्या पदरात टाकणं. मोठ्या माणसाला असं तोंडावर कसं सांगायचं?

"हो," ती म्हणाली. "मी सावकाश आहे. माफ करा."

ग्लेनिसला वाईट वाटलं. तिने उरलेला केळ्याचा केक कागदात गुंडाळून दिला. तो चिनात्सुने दोन्ही हातांनी घेतला आणि कमरेतून वाकली. तिला रडायचं होतं, पण बाई अजून समोर होती. मग ग्लेनिसने दार उघडून धरलं आणि तू हो पुढे, म्हणून खूण केली. जायलाच हवं होतं.

बाहेर ऊन उतरलं होतं. चिनात्सु फूटपाथवर बाजूला उभी राहिली. ग्लेनिसने दिवे मालवले, कुलूप घातलं, ओढून पाहिलं. या पोरीला रस्ता सापडत नाहीये की काय, म्हणून ट्रॅमचा थांबा कुठे ते बोट करून दाखवलं आणि गाडीत बसली. गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे चिनात्सु निघाली.