मथुराबाईचा माळ

“एक तरी निशाण उपटून दाखवा, बाई,” नायब तहसीलदार म्हणाले. “लगेच तुमचा कब्जा लिहितो.”

माळ मथुराबाईचाच, येरमाळ्याच्या शिवेला लागून. निजामाचं राज्य गेलं आणि अंमलदारांचा क्लब इथं गोल्फ खेळायला आला. साहेब लोक येडशी स्टेशनवरून जीपनं यायचे, काठीनं पांढरा चेंडू मारायचे आणि त्याच्यामागं उन्हातान्हात चालत सुटायचे. पहिल्याच दिवशी मथुराबाई काठी घेऊन त्यांना हाकलायला धावली होती. तेवढ्यात तिला जमिनीत रोवलेलं तांबडं निशाण दिसलं. येडाई देवीचं तांबडं निशाण जिथं रोवलं, तिथं या मुलखात कुणी औत घालत नाही. तिनं काठी टाकली, निशाणाला हळदकुंकू वाहिलं आणि मुकाट घरी गेली.

साहेब पोट धरून हसले. हसला नाही तो फक्त क्लबाचा सेक्रेटरी राघवेंद्र. तो येरमाळ्याचाच. निशाणांसाठी साहेबांनी पांढरं कापड आणलं होतं. तांबडं घ्या, हे त्यानंच सुचवलं होतं. घरभेद्याला गाव पुरतं ठाऊक असतं.

आता बारा वर्षांची वहिवाट दाखवून क्लबानं जमिनीवर हक्क सांगितला होता, आणि कब्जा कुणाचा ते पाहायला नायब तहसीलदार माळावर आले होते.

“आवं आत्या, उपटा की!” सून शिवकांता रडकुंडीला आली. “खेळाचं फडकं हाय ते. किती वर्सं दुसऱ्याच्या रानात खुरपायचं आमी?”

मथुराबाईनं निशाणाला हात घातला. दांडी हलली. क्लबाची मंडळी पुढं सरकली. हात तसाच ठेवून तिनं राघवेंद्राकडं पाहिलं.

“राघू, तू येडाईच्या पायरीशी वाढलास. तुझ्या तोंडानं सांग. ह्ये आईचं हाय का न्हाय?”

खरं सांगायला एक शब्द पुरे होता. राघवेंद्रानं देवळाच्या दिशेला हात जोडले. असल्यांची जीभ झडत नाही, हेच तर दुःख आहे.

“आईचंच आहे, मथुरामावशी.”

म्हातारीनं दांडी सोडली. कपाळ मातीला टेकवलं आणि सुनेचा हात धरून उठली.

“मग जमीनबी तिचीच. लिवा, सायेब.”

नायब तहसीलदारांनी क्लबाचं नाव लिहिलं.