डब्यांतला आकडा

विद्यापीठात संशोधन करणाऱ्या भूमिकाने डब्यांची पिशवी गोदामाच्या फरशीवर आपटली. वाडीच्या ट्रक-नाक्यावरचे हमाल पोती तशीच टाकून बघत राहिले.

"सगळ्यांच्या लघवीत एकच आकडा? दशांशासकट? मूर्ख समजता का मला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ट्रकच्या धुरानं माणसाच्या पेशीतला डीएनए आतून गंजतो आणि त्या गंजाचा तुकडा लघवीत उतरतो. एट-ओएचडीजी त्याचं नाव. तो कोणाच्या अंगात किती, एवढंच तिला मोजायचं होतं. आकडा तर भयंकर निघाला, पण साऱ्या डब्यांत माणूस एकच. वर्षभराची मेहनत पाण्यात गेली.

म्हातारा रुपराव पुढे आला. "चिडू नका मॅडम. आमाले वाटलं, दारूची तपासनी हाय. ठेकेदार म्हने, ज्याची डबी खराब निघंन त्याची उद्यापासून सुट्टी. मंग का करता? ते झाडणारी जयवंता हाय ना, ते दारूले शिवत नाही, तंबाखू-खर्रा खात नाही. तिचीच सगळ्यायनं वाटून घेतली."

जयवंता खराटा घेऊन ट्रकच्या मागेच उभी होती. इंजिन सुरूच होतं, काळा धूर तिच्या अंगावरून गोदामात शिरत होता. दिवसभर तिथेच झाडायचं तिनं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! भूमिकाचा हमालांवरचा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी आला तो त्याहून मोठा होता.

तेवढ्यात ऑफिसातून ठेकेदार कृष्णकांत आला, गालात खर्रा धरून. "आला का रिपोर्ट, मॅडम? कोणाची खराब निघाली, नाव सांगा फक्त. पाहतो मी त्याले."

जयवंतानं खराटा घट्ट धरला.

"सगळ्यांची!" भूमिका ओरडली. "एकूण एक डबी खराब. पाठवा सगळ्यांना घरी, आणि हा ट्रक उतरवा तुम्ही स्वतः! त्याआधी ते इंजिन बंद करा."

कृष्णकांतनं घाईनं खर्रा थुंकला. हमाल खदाखदा हसले. एकानं तर शिट्टी मारली.

जयवंता हसली नाही. ती भूमिकाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, म्हंजे माहीच ना?"