बिशपसाहेबांची सही

बिशप शमुवेल आढाव सोमवारी वारले आणि मंगळवारी दहाच्या ठोक्याला नेहमीसारखे कार्यालयात येऊन बसले. नाकातले कापसाचे बोळे तेवढे त्यांनी काढून शिक्क्याशेजारी ठेवले.

कारकून सुलोचनाबाईंनी चहा ठेवला. साहेबांच्या श्वासाने वाफ हलली नाही, तेव्हा बाईंनी नजर वळवली. "साहेब, कबर खणून झालीय. पण बिशपांच्या सहीवाचून पुरता येत नाही."

"आणा, करतो."

"मयताची सही चालत नाही. नियम तुमचाच."

"मग नव्या बिशपांची घ्या."

"जुने पुरल्याशिवाय नवे नेमायचे नाहीत, हाही तुमचाच."

चाळीस वर्षांच्या सेवेनंतर साहेबांना फक्त आडवं व्हायचं होतं. थंडगार बोटांनी त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं:

"प्रति, माननीय बिशप. अर्जदारास स्वतःच्या दफनाची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."